रंगपंचमीचा रंग आणि अक्षय्यतृतीयेचा घडा

इंदूरच्या रामबागेत आजोबांचा वाडा होता आणि वाड्याच्या मागच्या अंगणात एक बोरिंग होते. मी नववीत असताना रंगपंचमीच्या दुपारी, राजवाड्यावरची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, पाहून परतल्यावर, आम्ही मुलांनी उरलेल्या गडद गुलाबी रंगाचे अख्खे पिंप बोरिंगच्या कडेला, जिथे फरशी फुटून माती उघडी पडली होती तिथेच, उपडे केले. दुसऱ्या दिवशी सकाळी पंप सुरू झाला तेव्हा नळाला गुलाबी पाणी आले. आईने दोन दिवस पिण्याचे पाणी शेजारच्या घरातून भरले, आम्ही यथास्थित बोलणी खाल्ली, आणि आठवड्याभरात बादलीतले पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसू लागल्यावर विषय मिटला. मग अक्षय्यतृतीया आली. उदककुंभाचा घडा भरण्यासाठी आई कोऱ्या पांढऱ्या फडक्यातून पाणी गाळत होती, आणि आठ-दहा तांबे ओतून झाल्यावर तिने फडके उजेडात धरले तर त्यावर फिकट पण स्पष्ट गुलाबी वर्तुळ उमटलेले होते. फाल्गुन वद्य पंचमीपासून वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत सुमारे ४३ दिवस होतात. संशय अर्थातच आमच्यावर आला, की पोरांनी पुन्हा काहीतरी ओतले. आम्ही काहीही ओतले नव्हते.

पुढे भौतिकशास्त्र शिकताना या फडक्याची आठवण मला वारंवार येत राहिली, कारण तो प्रश्न वाटतो तितका घरगुती नाही. बहुसंख्य कण चार-पाच दिवसांत बाहेर पडले असताना थोडे कण सहा आठवडे मागे कसे राहिले? त्या मागे राहिलेल्या कणांना वाटेत प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा उशीर होत गेला, की सगळा प्रवास इतरांसारखाच करून ते एखाद्याच ठिकाणी प्रचंड वेळ अडकले? शेवटी उशीर तेवढाच दिसतो, पण या दोन गोष्टींमागचे गणित पूर्णपणे वेगळे आहे, आणि ज्याला ‘एकाच मोठ्या उडीचे तत्त्व’ म्हणतात आणि गेल्या काही वर्षांत भौतिकशास्त्रज्ञ जे वापरू लागले आहेत ते या फरकावरच उभे आहे.

सुरुवात साध्या प्रकरणापासून करू. पाण्यात सोडलेला सूक्ष्म कण सतत थरथरतो आणि वेडावाकडा सरकतो, हे रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ मध्ये परागकणांतून बाहेर पडलेल्या कणांचे निरीक्षण करताना बारकाईने नोंदवले. त्या हालचालीचे गणित आइन्स्टाइनने १९०५ मध्ये मांडले, आणि त्याच वर्षी कार्ल पिअर्सन यांनी ‘नेचर’ साप्ताहिकात एक छोटा प्रश्न विचारला: एक माणूस काही अंतर सरळ चालतो, मग कोणत्याही दिशेला वळून पुन्हा तेवढेच चालतो, असे अनेकदा करतो, तर शेवटी तो मूळ जागेपासून किती दूर असेल? पिअर्सन यांनी या प्रकाराला वापरलेले रँडम वॉक हे नाव तेव्हापासून रुळले. मराठीत त्याला यदृच्छ भ्रमण म्हणता येईल.

समजा, नाणेफेक करून आपण एका सरळ गल्लीत चालतो आहोत; छापा पडला तर एक पाऊल पुढे, काटा पडला तर एक पाऊल मागे. अशा १०० फेकींनंतर आपण साधारणपणे मूळ जागेपासून दहाएक पावलांच्या परिसरात असतो, कारण नेहमीचे अंतर फेकींच्या संख्येच्या वर्गमुळाइतके वाढते. आता क्वचित घडणारी घटना पाहू. १०० फेकींनंतर ४० किंवा त्याहून अधिक पावले पुढे असण्यासाठी किमान ७० छापे पडावे लागतात, आणि याची शक्यता सुमारे २५,००० त एक इतकी आहे. सगळेच्या सगळे १०० छापे पडण्याची शक्यता तर एकावर तीस शून्ये दिल्यावर होणाऱ्या संख्येत एक, म्हणजे व्यवहारात शून्यच. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे ते घडण्याची रीत. जो भाग्यवान ४० पावले पुढे पोहोचला त्याच्या फेकींची यादी मागवून पाहिली, तर त्यात एकही विलक्षण फेक सापडणार नाही. सगळ्या यादीभर छापे थोडे जास्त आणि काटे थोडे कमी, एवढेच दिसेल. असंख्य लहान पावलांनी जणू आपसांत संगनमत करून त्याला तिथवर नेलेले असते, आणि इतक्या जणांचे संगनमत जुळणे अवघड म्हणूनच ती शक्यता इतक्या झपाट्याने घसरते.

अशा संगनमताचा हिशोब करणारे एक स्वतंत्र शास्त्र आहे. त्याचा पाया विमागणिताशी जवळचा संबंध असलेल्या हाराल्ड क्रामेर या स्वीडिश गणितज्ञाने १९३८ मध्ये घातला आणि चेन्नईत जन्मलेल्या श्रीनिवास वरदन यांनी त्याला आजचे व्यापक रूप दिले. त्या कामासाठी वरदन यांना २००७ चा आबेल पुरस्कार मिळाला. मात्र या सिद्धांताच्या मूळ रूपातली अट अशी, की एकेका पावलाची लांबी, किंवा एकेका थांब्याचा वेळ, फार बेलगाम नसावा. ती अट मोडली की काय होते हे पाहण्यासाठी सराफ्यात जावे लागेल.

सराफा दिवसा सोन्याचांदीचा बाजार असतो आणि रात्री दुकानांची शटर पडली की त्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात, हे इंदूरकरांना सांगण्याची गरज नाही. समजा, एक पाहुणा राजवाड्याकडून सराफ्यात शिरला आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडेपर्यंत त्याने ४० ठिकाणी थांबे घेतले: कुठे भुट्ट्याचा कीस, कुठे गराडू, कुठे नुसतेच वाकून पाहणे. चालण्याचा वेळ सोडून देऊ आणि प्रत्येक थांबा सरासरी ३ मिनिटांचा धरू. म्हणजे बहुतेक वेळा तो साधारण दोन तासांत बाहेर येईल. प्रश्न असा, की तो त्याहून १०० मिनिटे उशिरा बाहेर येण्याची शक्यता किती?

पहिल्या प्रकारचा सराफा असा माना, की थांबा लांबण्याची शक्यता ठरावीक दराने, चक्रवाढ व्याजाच्या उलट रीतीने, घटत जाते. दर दोन मिनिटांनी, थोडे कमी-जास्त, निम्मी होते. अशा सराफ्यात १०० मिनिटांचा उशीर होण्याची शक्यता लाखात एकाच्या आसपास येते, आणि तो झालाच तर कसा झाला असेल हेही सांगता येते: त्या रात्री जवळपास सगळ्याच गाड्यांवर गर्दी होती आणि सरासरी थांबा ३ ऐवजी साडेपाच मिनिटांचा झाला होता. पुन्हा तेच संगनमत.

दुसऱ्या प्रकारच्या सराफ्यात प्रत्येक थांबा किमान एक मिनिटाचा आहे, सरासरी अगदी तीच ३ मिनिटांची आहे, पण लांब थांब्यांची शक्यता घातनियमाने घटते: वेळ चौपट केला की शक्यता एक-अष्टमांश होते, वेळ शंभरपट केला की एक-सहस्रांश. वेळेवर चढवलेला हा घातांक दीड आहे. इथे १०० मिनिटांहून लांब थांबा हजारात एकदा होतो. पाहुणा ४० थांबे घेतो, म्हणजे असा एक तरी थांबा वाट्याला येण्याची शक्यता सुमारे ४ टक्के. आणि एकूण १०० मिनिटांचा उशीर होण्याची शक्यताही जवळजवळ तेवढीच, सुमारे ४ टक्के, येते. लाखात एक कुठे आणि शंभरात चार कुठे! या दुसऱ्या सराफ्यातून उशिरा बाहेर आलेल्या पाहुण्याला थांबवून विचारले तर तो सांगेल, की बाकी ३९ ठिकाणी नेहमीसारखाच वेळ लागला, पण एका ओट्यावर कॉलेजमधला जुना मित्र भेटला आणि गप्पांत पावणेदोन तास गेले.

एकाच मोठ्या उडीचे तत्त्व म्हणतात ते एवढेच. ज्या बेरजेतल्या संख्यांचे वितरण जाड शेपटीचे असते, म्हणजे फार मोठ्या संख्या येण्याची शक्यता दुसऱ्या सराफ्यासारखी सावकाश घटते, तिथे बेरीज फार मोठी होण्याची शक्यता ही तिच्यातली सर्वांत मोठी संख्या तेवढी मोठी असण्याच्या शक्यतेइतकी होते. गणिताच्या भाषेत हे व्लादिमिर चिस्त्याकोव्ह यांनी १९६४ मध्येच सिद्ध केले होते. त्याचा व्यावहारिक लाभ मोठा आहे, कारण अवघड बेरजेचा प्रश्न सोप्या गुणाकाराचा होतो: प्रयत्न किती झाले, आणि एका प्रयत्नात तेवढी मोठी उडी पडण्याची शक्यता किती. संगणकावर लाखो भ्रमणे चालवून विरळ घटनेची वाट पाहत बसण्याऐवजी दोन आकडे गुणले की शेपटीचा अंदाज हाती येतो.

इथे वाचकाला रास्त शंका येईल, की हा दुसरा सराफा कुणीतरी सोयीसाठी रचलेला दिसतो. निसर्गात अशी जाड शेपटी येते कुठून? ती अगदी साध्या गोष्टींतून येते, आणि त्यातले दोन मार्ग जवळून पाहण्यासारखे आहेत.

पहिला मार्ग फोटोकॉपीच्या यंत्रातून जातो, ज्याला आपण सगळे झेरॉक्सच म्हणतो. जुन्या यंत्रांत सेलेनियमसारख्या, स्फटिकाची शिस्त नसलेल्या पदार्थाचा पातळ थर असे. त्यातून विद्युतभार सरकताना वाटेत ऊर्जेचे खड्डे लागतात आणि उष्णतेच्या धक्क्याने बाहेर फेकला जाईपर्यंत भार खड्ड्यात अडकून पडतो. आता गंमत अशी, की खड्ड्याची खोली बेरजेने वाढते पण सुटायला लागणारा वेळ गुणाकाराने वाढतो. समजा, खोली एका पायरीने वाढली की तसे खड्डे निम्मे होतात, पण सुटकेचा वेळ दसपट होतो. तीन पायऱ्या खाली खड्डे आठपट विरळ, पण वेळ हजारपट. प्रत्येक पुढच्या पायरीचा सरासरीतला वाटा आधीच्या पायरीच्या पाचपट होत जातो, म्हणजे सरासरी थांबा काढायला बसलो तर ती कुठे थांबतच नाही. हार्वी शेर आणि इलियट माँट्रोल यांनी १९७५ मध्ये नेमके असे थांबे गृहीत धरून या पदार्थांतल्या विद्युतप्रवाहाचा लांबलचक, न संपणारा उतार समजावून दिला. शेर तेव्हा झेरॉक्स कंपनीतच संशोधक होते. ज्या गणिती चौकटीचा त्यांनी वापर केला, म्हणजे चालणारा माणूस प्रत्येक पावलाआधी यदृच्छ वेळ थांबतो ती चौकट, माँट्रोल आणि जॉर्ज वाईस यांनी १९६५ मध्ये मांडलेली होती.

दुसरा मार्ग मला अधिक आवडतो, कारण त्यात बेलगाम थांबा शिस्तबद्ध नाणेफेकीतूनच जन्माला येतो. वरच्या गल्लीत परत जाऊ आणि विचारू, की पहिल्यांदा मूळ जागी परत यायला किती फेकी लागतात? १०० फेकी होऊनही एकदाही परत न येण्याची शक्यता सुमारे ८ टक्के आहे. १०,००० फेकी झाल्या तरी ती सुमारे ०.८ टक्के उरते. फेकी शंभरपट केल्या तरी शक्यता फक्त दहापट घटली. परतीच्या वेळेची शेपटी घातनियमाची आहे आणि घातांक अवघा अर्धा आहे. परत येणे निश्चित, पण परतीची सरासरी वेळ अनंत! आता गल्लीच्या जागी खडकातली भेग आणि तिला लागून असलेला सच्छिद्र, झिजलेला दगड ठेवा. भेगेतून पाणी वाहते, दगडाच्या छिद्रांतले पाणी जवळपास स्थिर असते. रंगाचा कण प्रवाहाबरोबर जाता जाता बाजूच्या छिद्रात शिरतो, तिथे नाणेफेकीच्या चालीने भरकटतो आणि कधीतरी भेगेत परततो. बहुतेक कण लगेच परततात. एखादा आत गेलेला आत जातच राहतो.

इंदूरच्या खाली असलाच खडक आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हारसाचा हा बेसाल्ट, आणि त्याला भूशास्त्रज्ञ डेक्कन ट्रॅप म्हणतात. शब्दांचा योगायोग इथे फसवा आहे. भूशास्त्रातला ट्रॅप स्वीडिश भाषेतल्या जिना या अर्थाच्या शब्दावरून आला, कारण हे थर झिजून डोंगराला पायऱ्या पडतात. यदृच्छ भ्रमणातला ट्रॅप मात्र सापळा या अर्थाचा इंग्रजी शब्द आहे. पायऱ्यांच्या दगडात सापळेही निघाले, ही भाषेची मौज. बेसाल्टचे अखंड दगड पाणी जवळजवळ जाऊ देत नाहीत. पाणी असते ते भेगांत, थरांच्या सांध्यांत आणि झिजलेल्या पट्ट्यांत, आणि म्हणूनच एका अंगणातले बोरिंग भरभरून वाहते आणि चाळीस फुटांवरचे कोरडे निघते.

भूजलातल्या प्रदूषणाच्या प्रश्नात ही थांब्यांची चौकट १९९० च्या दशकात ब्रायन बर्कोविट्झ आणि तेच हार्वी शेर यांनी आणली. तिची गरज कुठे भासते याचे एक गाजलेले उदाहरण अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात कोलंबस येथील हवाई दलाच्या तळावरचे आहे. तिथे वाळू-खडीच्या विषम थरांत १९८० च्या दशकात ब्रोमाइड मिसळलेले पाणी मुद्दाम सोडून त्याचा माग दीड वर्षाहून अधिक काळ ठेवण्यात आला. विसरणाच्या, म्हणजे कण आपोआप पसरत जाण्याच्या, नेहमीच्या समीकरणानुसार ब्रोमाइडचा ढग हळूहळू फुगत प्रवाहाबरोबर पुढे सरकायला हवा होता आणि त्याचा आकार घंटेसारखा सममित राहायला हवा होता. प्रत्यक्षात ढगाचा सर्वांत दाट भाग सोडलेल्या जागेजवळच रेंगाळला आणि एक पातळ शेपटी दोनशे मीटरहूनही पुढे निघून गेली. अशा पसरण्याला असामान्य विसरण म्हणतात. मला स्वतःला हे नाव पटत नाही. भेगा, खड्डे आणि गाळ यांनी भरलेल्या जगात असामान्य म्हणावे तर ते घंटेच्या आकारालाच म्हणायला हवे. पण नाव रुळले आहे, तेव्हा वादात अर्थ नाही.

आता कोलंबसपेक्षा सौम्य, म्हणजे दाट भाग पुढे सरकत राहतो अशा, ढगाकडे मोठ्या उडीच्या नजरेने पाहू. प्रवाहाबरोबर जाणाऱ्या कणांचा सरासरी थांबा मर्यादित असेल, पण शेपटी आपल्या दुसऱ्या सराफ्यासारखी दीड घातांकाची असेल, तर बहुतेक कण सरासरी वेगाने चालत एका दाट पट्ट्यात राहतात. पट्ट्याच्या फार मागे सापडलेला कण कोण? त्याने एकच लांब थांबा घेतलेला असतो, आणि त्या थांब्याच्या काळात इतर कण जेवढे पुढे गेले, बरोबर तेवढा तो मागे पडलेला असतो. म्हणजे पट्ट्याच्या मागचे अंतर हे त्या एका थांब्याच्या घड्याळाचे थेट वाचन आहे. पुढच्या बाजूला असे काही घडू शकत नाही, कारण थांबा शून्याहून कमी करता येत नाही. त्यामुळे ढग एकतर्फी होतो, मागे लांब शेपटी सोडतो, आणि ती शेपटी घातनियमाने विरळ होत जाते. दूषित विहीर उपसून स्वच्छ करणाऱ्यांना हा अनुभव नेहमीचा आहे: उपसा चालू असताना आकडे झपाट्याने उतरतात, पाणी स्वच्छ झाले म्हणून पंप बंद होतो, आणि काही महिन्यांनी दूषण पुन्हा वर येते.

थांब्यांऐवजी उड्या लांब असल्या तरी हेच तत्त्व लागू पडते. पॉल लेव्ही या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भ्रमणात कण ठरावीक वेगाने एका दिशेला धावतो, पण एकेक धाव किती वेळ टिकेल ते घातनियमाने ठरते. हे कल्पनेतले नाही. सॉलोमन, वीक्स आणि स्विनी यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, फिरत्या वर्तुळाकार टाकीतल्या द्रवात सोडलेले कण भोवऱ्यांत अडकून गिरक्या घेत आणि मग झोताला लागून लांबच लांब धावत, आणि ते लेव्हीच्या वर्णनाशी जुळले.

या भ्रमणात एक हिशोब करण्याजोगा आहे. कणांचा जथा किती पसरला हे सांगण्यासाठी आपण प्रत्येक कणाच्या अंतराचा वर्ग करून सरासरी काढतो. घातांक पुन्हा दीड घेऊ, वेग एक धरू आणि वेळेची १०,००० एकके जाऊ देऊ. लहानसहान स्थिरांक सोडून दिले तरी चित्र बिघडत नाही. जथ्याचा दाट भाग या वेळेत सुमारे ४६४ एकके पसरतो, आणि त्याचा वर्ग होतो साधारण २ लाख. पण एकूण वेळेशी तुलना होईल एवढी लांब धाव घेतलेले कण शंभरात एखादाच असतात. त्यांचे अंतर १०,००० च्या घरात, त्याचा वर्ग दहा कोटी, आणि शंभराने भागला तरी सरासरीत दहा लाखांची भर! शंभरातल्या एका कणाने उरलेल्या नव्याण्णवांच्या एकत्रित वाट्याच्या पाचपट भर घातली. म्हणजे जो आकडा आपण जथ्याचे वर्णन म्हणून छापतो तो जथ्याबद्दल काहीच सांगत नाही. तो जथा सोडून गेलेल्यांबद्दल सांगतो. क्वचित घडणारी घटना म्हणजे तळटीप, असे समजणाऱ्याची इथे पुरती फसगत होते.

मात्र गणितातले १९६४ चे तत्त्व जसेच्या तसे उचलून कणांना लावता येत नाही, आणि ही अडचण सोडवण्याचे काम अलेस्सांद्रो वेझ्झानी, एली बरकाई आणि राफाएल्ला बुरिओनी यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात केले. गणिती बेरजेत संख्या किती हे आधी ठरलेले असते. प्रत्यक्षात आधी ठरलेला असतो तो आपल्या घड्याळातला वेळ, आणि मोठी उडी तो वेळ खाते. कणाने मोठी धाव घेतली तर त्याच्या उरलेल्या उड्या आपोआप कमी होतात. शिवाय आपण निरीक्षण थांबवतो त्या क्षणी मोठी धाव अर्धवटच असू शकते; ती पुढे आणखी किती चालली असती हे अप्रस्तुत ठरते, आणि कण किती दूर आहे ते फक्त धाव सुरू केव्हा झाली यावर ठरते. म्हणून हिशोब दोन कप्प्यांत करावा लागतो: घड्याळ थांबण्याआधी पूर्ण झालेल्या मोठ्या उड्या, आणि घड्याळ थांबले तेव्हा चालू असलेली उडी. सराफ्याच्या भाषेत, रात्री बारा वाजता सगळे पाहुणे कुठे आहेत याची नोंद घेतली तर मित्राशी गप्पा संपवून पुढे निघालेले एका कप्प्यात येतील आणि अजून गप्पाच मारत असलेले दुसऱ्या. दोन्ही कप्प्यांची बेरीज केली की शेपटीचा संपूर्ण आकार मिळतो, आणि तो घातनियमाची साधी उतरण नसून त्यात वेळेच्या मर्यादेने पडलेले बाक असतात.

या तत्त्वाच्या मर्यादाही सांगायला हव्यात, कारण जाड शेपटी दिसली की घातनियम म्हणण्याची घाई अलीकडे फार होते. खडकातल्या झिजलेल्या पट्ट्याला जाडी असते. पट्टा एक वीत जाड असेल तर कण त्याच्या पलीकडे भरकटू शकत नाही, आणि एका ठरावीक काळानंतर शेपटी तुटते. त्या काळापलीकडच्या उशिरासाठी पुन्हा अनेक थांब्यांचे संगनमत लागते आणि क्रामेरचे जुने गणित परत येते. एकमेकींशी संबंध असलेल्या उड्यांचाही प्रश्न आहे: खड्डे जागच्या जागी पक्के असतील तर कण त्याच खोल खड्ड्यात पुन्हा पुन्हा पडू शकतो, आणि मग एका थांब्यापेक्षा एका जागेवर घालवलेला एकूण वेळ मोजणे अधिक योग्य ठरते. शिवाय प्रत्येक लांब शेपटीमागे मोठी उडी असते असेही नाही. काचेसारख्या गोठत आलेल्या द्रवांत कणांची शेपटी घंटेपेक्षा जाड पण घातनियमापेक्षा बारीक, सरळ घातांकी उताराची दिसते. बरकाई आणि स्टॅनिस्लाव्ह बुरोव्ह यांनी २०२० मध्ये दाखवले, की तिथे दूर गेलेल्या कणाने एकही मोठी उडी मारलेली नसते. दिलेल्या वेळेत त्याने इतरांपेक्षा कितीतरी अधिक लहान उड्या उरकलेल्या असतात. तेव्हा शेपटी नुसती लांब आहे एवढे पाहून भागत नाही. ती कोणत्या उताराने घसरते हे मोजावे लागते, आणि शक्य असेल तिथे दूर गेलेल्या एखाद्या कणाची संपूर्ण वाट तपासून त्यात एक थांबा बाकीच्यांना झाकोळतो आहे का, हे पाहावे लागते.

आमच्या बोरिंगकडे परत येतो. पाण्यातला रंग रोज निम्मा होत गेला असता तर पहिल्या दिवसाच्या मानाने ४३ व्या दिवशी त्याचा सुमारे ४.४ लाख कोटीवा भाग उरला असता, आणि कोणत्याही फडक्याला तो दिसला नसता. त्याऐवजी कण भेगेच्या कडेच्या दगडात नाणेफेकीच्या चालीने भरकटून परतत असतील, तर परतीच्या वेळेचा घातांक अर्धा, आणि रोज परतणाऱ्या कणांचे प्रमाण दिवसांच्या दीड घाताने घटते. त्या हिशोबाने ४३ व्या दिवशी पहिल्या दिवसाच्या सुमारे २८० वा भाग पाण्यात असायला हवा. बादलीत पाहणाऱ्याला तो दिसत नाही, पण कोऱ्या सुती कापडातून आठ-दहा तांबे पाणी गाळले की धागे तो धरून ठेवतात. रंगाचे कण दगडालाही चिकटतात आणि सुटतात, त्यामुळे खरा आकडा थोडा इकडेतिकडे असणार. तरीही उताराची जात तीच. या जातीच्या उतारात निम्मे होण्याचा काळ कायम राहत नाही, तो लांबत जातो: ४३ व्या दिवशी जेवढा रंग येत होता तो निम्मा व्हायला आणखी २५ दिवस, आणि त्याच्याही निम्मा व्हायला पुढचे ४० दिवस. ते ४० दिवस मात्र त्या वर्षी पुरे झाले नाहीत. मधेच मृगाचा पाऊस लागला, कोरड्या पडलेल्या वरच्या भेगांतून पाणी वाहू लागले आणि खडकातले सगळे थांबे नव्याने ठरले.